कोऱ्या भिंतीचं वाचन

यंदा माघ सरता सरता देवासच्या धर्मशाळेत डोळ्यांचे डॉक्टर येऊन उतरले आहेत, आणि आमच्या घरात माझ्या डोळ्यांवरून खलबतं सुरू झाली आहेत. निमित्त तसं किरकोळ. परवा मी तांदूळ निवडले. त्यातले तांदूळ टाकले आणि खडे ठेवले, असं सूनबाईचं म्हणणं. मुलगा जेवताना एकदम थांबला, गालावर हात धरून बसला आणि म्हणाला, "आई, आता धर्मशाळेत जायचं." मी म्हटलं, "अरे, हे देवासचे खडे. धारला तांदळात असे पांढरे खडे नसत." कोणी हसलं नाही. माझ्या विनोदांची नजरही उतारवयाला लागली असावी.

सूनबाई गुणी आहे. रोज दिवेलागणीला ती काशाची वाटी घेऊन बसते आणि माझ्या तळपायांना तूप चोळते. तळवे काळे पडेपर्यंत चोळते. नजर टिकावी म्हणून हा आमच्या घराण्यातला उपाय आहे. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा. "त्यांची नजर म्हणे म्हातारपणीही अशी होती की शेवटची बारीक ओळ वाचायचे," असं ती चोळता चोळता सांगते. कोणाला, तर मला! मी पाय आखडून घेते. तिला वाटतं गुदगुल्या होतात.

तर हा उपाय कुठल्या हंगामात उगवला, ते एकदा लिहून ठेवलेलं बरं.

तो हंगाम अफूचा होता. आता माळव्यात ते दृश्य राहिलं नाही. तेव्हा धारच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की दोन्ही अंगांना अफू उभी असायची. आमचं घर गावाच्या टोकाला, ओसरीतून थेट शेतंच दिसत. पौषात कोवळ्या पानांची भाजी व्हायची, लसणाची फोडणी देऊन. माघात फुलं उमलायची. पांढरी, नुसती पांढरी. कुठे एखादं जांभळट चुकून आलेलं. उन्हं चढली की इतकं पांढरं व्हायचं की ओसरीत बसून बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. फाल्गुनात पाकळ्या झडून हिरवी बोंडं उरत. माळवी बायका संध्याकाळी त्या बोंडांना बारीक चिरा देत आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेत. हवेत एक कडवट, सुस्त वास भरून राही. त्या वर्षी गावात चिरा देण्याचं काम दोन ठिकाणी चाललं होतं. एक शेतात, दुसरं धर्मशाळेत.

पण आधी माझं सांगते. मी धारच्या त्या घरात सून म्हणून गेले ती सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या कृपेनं. मी देवासची. रंगानं काळी. सावळी म्हणायची रीत आहे, पण आता या वयात कशाला रीत पाळू? मला पाहायला मंडळी आली तेव्हा माझ्या वडिलांनी मला तिन्हीसांजेला समईच्या मागे बसवलं होतं. मामंजींनी मला व्यंकटेशस्तोत्राचे दोन श्लोक म्हणायला लावले आणि "उच्चार शुद्ध" असा शेरा दिला. सासूबाईंनी माझ्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोरी आहे हो." माझ्या आईनं तेवढ्यात मनातल्या मनात देवीची ओटी बोलली. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर तेव्हा सायीसारखा पडदा धरला होता. त्यांना सगळं जगच गोरं दिसत होतं.

मामंजी संस्थानच्या शाळाखात्यात परीक्षक होते. मी आले तेव्हा ते घरी बसलेले, पण परीक्षक माणूस घरी बसला तरी परीक्षा उठत नाही. उभ्या हयातीत ते टांग्यात बसून गावोगावच्या शाळा तपासत हिंडले होते. संस्थानभरची पोरं त्यांच्या पागोट्याला भ्यायची. स्वतः ते कधी कुठल्या परीक्षेत नापास झाले नव्हते, आणि ही गोष्ट घरात देव्हाऱ्यातल्या टाकासारखी जपलेली होती. त्यांच्या लेखी माणसांच्या दोनच जाती, पास आणि नापास. सासूबाई अर्थातच दुसऱ्या जातीतल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. डोळ्यांवर पडदा आल्यापासून त्यांच्या हातून तुपाची वाटी कलंडायची, उंबऱ्याला पाय अडायचा, की ओसरीतून आवाज यायचाच, "डोळे फुटले का गं?"

गंमत अशी की तोवर मामंजींचेही डोळे गेले होते. त्यांच्या बुबुळांवर पांढरं दिसत नव्हतं. वरून बाहुल्या काळ्याभोर, तजेलदार. आत मात्र तपकिरी अंधार. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पुस्तक ते हातात धरत आणि पाठ असलेलं म्हणत. माणूस पायरव ओळखून त्याला नावानं हाक मारत. माहीत नव्हतं ते एका सासूबाईंनाच. त्यांना तरी कुठे दिसत होतं? त्यामुळे दोघांची भांडणं ऐकण्यासारखी असत.

"माझा अडकित्ता कोणी हलवला?"

"तुमच्या पुढ्यातच असेल. बघा की."

"बघतोच आहे. तुला दिसतंय का?"

"मला दिसत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

अडकित्ता दोघांच्या मध्ये पडलेला असे. मी तो उचलून मामंजींच्या हाताशी सरकवून आत जाई आणि पदर तोंडात कोंबून हसे. त्या वयात हसू येतं.

माघात दवंडी पिटली. दक्षिणेत शिकून आलेले एक तरुण मराठी डॉक्टर माळव्यातल्या संस्थानांमधून फिरत होते. म्हाताऱ्या माणसांची नजर का जाते, कोणाची जाते, किती जाते, याचा त्यांना शोध करायचा होता. धारचं काम आटोपून पुढे देवास. देवासला तर त्यांना दुप्पट काम, कारण एकाच गावात दोन राजे, रस्त्याच्या अलीकडचा आंधळा थोरल्या पातीचा आणि पलीकडचा धाकट्या पातीचा. उतारवयाच्या प्रत्येकानं धर्मशाळेत यायचं, भिंतीवरचा अक्षरांचा कागद वाचून दाखवायचा. वाचता आला तर घरी जायचं. नाही आला तर आतल्या खोलीत डॉक्टर दिवा घेऊन डोळा तपासणार, आणि मोतीबिंदू पिकलेला असेल तर तिथेच काढून देणार. फुकट.

आता कोणीही शहाणा आंधळा काय करील? आमच्या घरात काय झालं ते ऐका.

मामंजी म्हणाले, "तपासणी म्हणजे परीक्षाच. कागद कसला आहे?"

आमचे हे दफ्तरात कारकून. बापाच्या आज्ञेत इतके की शिंकताना सुद्धा ओसरीकडे बघत. हे म्हणाले, "बाबा, पण वाचता नाही आलं तरच डॉक्टर..."

"कागद कसला आहे, एवढंच विचारलं."

हे दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत जाऊन कागद बघून आले. बाळबोध अक्षरं. वर एक भलंमोठं, खाली लहान होत गेलेली. अर्थ काही नाही. संध्याकाळी ओसरीत शिकवणी सुरू झाली. ट. न ग. र प ल. घ म य द. मामंजींनी ते मंत्रासारखं घोळून घोळून पाठ केलं, मग त्याला चाल लावली. संध्या आटोपली की पळीपंचपात्र बाजूला सारून ते डोळे मिटून म्हणत, "ट. न ग. र प ल." मी मटार सोलता सोलता पाठ केलं. पाणी भरणाऱ्या गेंदीबाईला पाठ झालं. सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या असत, त्यांनाही झालंच असणार, एखादा नवा मंत्र समजून. पण त्यांना तपासणीला न्यायचा विषयच कोणी काढला नाही. आंधळी बाई घरात चालते. भाकरी हातानं थापायची असते, तिला डोळे कशाला?

धर्मशाळेत नेलं तेव्हा मामंजींनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. बघणाऱ्याला वाटावं, बाप मुलाला आशीर्वाद देत चालला आहे. सासूबाई बरोबर आल्या त्या केवळ येताना कालिकेच्या दर्शनाला जायचं म्हणून. त्यांचा हात माझ्या हातात. अंगणात माळवी म्हातारे उकिडवे बसले होते. बायका फार थोड्या. एका शेतकऱ्याला कंपाउंडरनं छडीनं वरचं अक्षर दाखवलं. तो म्हणाला, "भिया, म्हारे तो भींत बी नी दीखे. कागद तो थारो दागदर जाने." सगळे हसले. त्याला आत पाठवलं.

मामंजींचा नंबर आला. कंपाउंडरनं छडी मधल्याच कुठल्या ओळीवर ठेवली. "बाबासाब, यो कंई हे?"

मामंजी ताठ उभे राहिले. "असं मध्येच बोट ठेवून विचारायची पद्धत आमच्या खात्यात नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडे."

आणि त्यांनी वाचलं. काय वाचलं! खणखणीत, न अडखळता, शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटची ओळ इतकी बारीक होती की खुद्द कंपाउंडर ती पुढे होऊन, नाक लावून पडताळत होता. अंगणातले म्हातारे बघतच राहिले. कंपाउंडरनं "साब! साब!" अशी हाक मारली. डॉक्टर धुतलेले ओले हात वर धरून बाहेर आले. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा म्हणवून घेतली. दिवा आणून डोळा बघायची त्यांना गरज वाटली नाही. पास झालेल्याला कोण तपासतं?

"आजोबा, या वयात अशी नजर मी धारमध्ये पाहिली नाही. काय करता काय तुम्ही?"

मामंजी परीक्षकाच्या सुरात म्हणाले, "पहाटे डोळ्यांवर गार पाणी. त्रिफळा. कांदा वर्ज्य. आणि निजताना तळपायांना काशाच्या वाटीनं गाईचं तूप." यातलं एकही ते करत नसत. कांदा तर त्यांना भारी प्रिय. डॉक्टरांनी मात्र सगळं मन लावून लिहून घेतलं. त्यांना शोध लागत होता.

तेवढ्यात कंपाउंडरचं सासूबाईंकडे लक्ष गेलं. "माजी, तम बी बैठो."

"तिला काय दाखवता?" मामंजी म्हणाले. "ती निरक्षर आहे."

निरक्षरांसाठी वेगळी पाटी होती. तिच्यावर तीन दात्यांचा काटा काढलेला. दाते कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. सासूबाईंनी मान इकडे केली, तिकडे केली आणि मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "काटा कुठला रे बाबा? मला आज कित्येक वर्षं कोणाचं तोंड दिसलेलं नाही."

अंगण पुन्हा हसलं. मामंजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. परतताना देवळात न जाता थेट घरी. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "चार लोकांत नापास झालीस." कापायचं का डोळा, असं ह्यांनी भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाले, "करा काय करायचं ते. नाहीतरी चुलीपाशी तिचा उपयोग काय राहिलाय?" त्यांची परवानगी मिळाली ती अशी.

धर्मशाळेच्या मागच्या पडवीत ओळीनं खाटा. कार्बोलिकचा वास, आणि वारा फिरला की शेतावरून येणारा अफूचा. सासूबाईंना उताणं निजवलं होतं, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. डॉक्टर येत, नाडी बघत आणि त्यांचे प्रश्न विचारत. चुलीपाशी किती वर्षं? सासूबाई हळूच म्हणत, "जन्मापासून." उन्हात काम? "उन्हात बायका कशाला जातील? चुलीपाशी असतात ना." मुलं किती? त्यावर त्या गप्प राहत. जगलेली विचारतात की झालेली, ते त्यांना कळत नसे. एकदा डॉक्टर गेल्यावर माझा हात चाचपून म्हणाल्या, "चांगलं पोर आहे गं. मला एवढं कोणी कधी विचारलं नव्हतं."

पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी एक जाड भिंग त्यांच्या डोळ्यापुढे धरलं. त्यांनी आधी आपले हात पाहिले. उलटे केले, सुलटे केले. "हे कोणाचे?" म्हणाल्या. मग भिंग माझ्याकडे वळलं. मी पदर सावरून, ओठ मिटून उभी. लग्नात सुद्धा इतकी नटले नव्हते.

"ही कोण?"

"सासूबाई, मी."

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग एक उसासा टाकून म्हणाल्या, "मला तर गोरी सांगितली होती."

कंपाउंडर तोंडाला हात लावून बाहेर पळाला. मीही हसले; करते काय? सांगितली कोणी होती, हे विचारायची ती वेळ नव्हती.

घरी आल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या चष्म्याच्या जाड काचांच्या मागून त्यांचे डोळे बशीएवढे दिसायचे. एक दिवसभर त्या नुसत्या बघत राहिल्या. भिंतीवरचं धुरकट, माझं कुंकू, ह्यांचं पडलेलं टक्कल. आणि मामंजी. जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवरून गोगलगाईसारखी सरकत वाटीपर्यंत कशी जातात, ते त्यांनी पाहिलं. जेवण झाल्यावर त्या पानाचा विडा करून मामंजींच्या अगदी समोर बसल्या आणि विडा त्यांच्या नाकासमोर धरला. तोंडानं अक्षर नाही. मामंजी शांतपणे समोर बघत राहिले. हात वर आला नाही. बाहेर अफूच्या शेतात बायका काहीतरी गात होत्या. सासूबाईंनी विडा खाली ठेवला.

"मग कागद कसा वाचलात?"

मामंजींनी विचारलं सुद्धा नाही, कसला कागद म्हणून. म्हणाले, "ज्याला वाचता येतं, तो वाचतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई घरातून निघाल्या. एकट्या. आयुष्यात पहिल्यांदा धारच्या बाजारातून एकट्या चालत गेल्या, दोन्ही बाजूंची दुकानं बघत, आणि डॉक्टरांना सांगून आल्या, "ते आंधळे आहेत. त्यांचेही काढा."

डॉक्टर आले. सभ्य माणूस, कोणाचं नाव न घेता म्हणाले, "आजोबा, शोधासाठी तुमची नजर पुन्हा एकदा बघायची आहे. कागद समोर लावला आहे. वाचा."

समोर ओसरीची भिंत होती. नुकतीच चुन्यानं सारवलेली, कोरी. आमचे हे दाराशी उभे होते, मी दाराआड. कोणाच्याही तोंडून "बाबा" निघेना.

मामंजींनी घसा साफ केला. उपरणं सारखं केलं. "ट. न ग. र प ल." एकेक अक्षर ठेवून दिल्यासारखं. शेवटच्या बारीक ओळीपाशी त्यांनी डोळे किंचित बारीक सुद्धा केले, बारीक अक्षराला करतात तसे. वाचून झालं. ते शाबासकीसाठी थांबले.

सासूबाई म्हणाल्या, "भिंत कोरी आहे."

मामंजींचा चेहरा आधी काही कळलं नाही असा झाला, मग सगळं कळलं असा झाला. पण आवाज तोच.

"मी उभ्या हयातीत कोणाला कोऱ्या पाटीवरचा प्रश्न विचारला नाही," ते डॉक्टरांना म्हणाले. "परीक्षकानं असं करू नये."

डॉक्टर त्यांच्यापुढे खाली बसले. त्यांनी दिवा मागवला, डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, "आजोबा, मोतीबिंदू आहे, पिकलेला आहे. डोळा आतून चांगला आहे. उद्या या, परवा या. होळीपर्यंत मी इथे आहे. तुम्हाला दिसेल."

"तुम्हीच मला पास केलंत. एकदा पास झालेला पुन्हा बसत नाही."

ते उठले आणि बोटांनी भिंत चाचपत आत गेले. बोटांना चुना लागला. तो पुढे पाण्याच्या तांब्यावर, देवाच्या तबकावर, माझ्या मुलाच्या अंगड्यावर असा घरभर दिसत राहिला.

होळीपर्यंत रोज सकाळी हे विचारत, "बाबा, आज जाऊ या?" आज चतुर्थी असे, उद्या घातवार, परवा घसा बसलेला. शेतात बोंडं वाळायला लागली. चिरा देणं थांबलं. धर्मशाळेतून कापलेले म्हातारे हिरवे कपडे डोळ्यांवर बांधून, नातवांच्या काठ्या धरून गावी परतत होते. त्यात तो भींत न दिसणारा शेतकरीही होता. आमच्या ओसरीसमोरून जाताना तो कपडा वर करून पिवळ्या पडलेल्या शेताकडे बघत हसत गेला. नापास झालेले सगळे बघायला लागले होते.

डॉक्टर देवासला निघायचे त्या दिवशी मी पहाटे ओसरी झाडायला गेले तर मामंजी तयार बसलेले. अंगरखा, उपरणं, पागोटं, पायांत जोडा. कोणी सांगितलं नव्हतं. मी आत धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दारातून ते पागोटं पाहिलं. एका शब्दाचं अंतर होतं. "चला," एवढंच म्हणायचं होतं. त्या पुन्हा चुलीपाशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बसू दे." ह्यांना बापाला आपणहून काही सांगायची सवयच नव्हती. मला तर त्या घरात तोंड नव्हतं.

उन्हं वर आल्यावर कंपाउंडर आला. "बाबासाब, साब पूछे हे, आनो हे कंई? गाड्यां भरई गी."

मामंजींचा चेहरा पडला. त्यांना डॉक्टर स्वतः यायला हवे होते. "साहेबांना सांग," ते म्हणाले, "मला बोलवायला शिपाई पाठवत नाहीत."

बैलगाड्यांची घुंगरं देवासच्या वाटेवर लांब लांब जात ऐकू येत होती. ती बंद झाल्यावर त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

वैशाखात त्यांचा उजवा डोळा ठणकायला लागला. लाल झाला, सुजला. कण्हणं भिंतीपलीकडे ऐकू जाई. वैद्य झाले. मग इंदूरला नेलं, तिथले डॉक्टर म्हणाले, "फार उशिरा आणलंत." डावा पावसाळ्यात त्याच वाटेनं गेला. आधी निदान ऊन-सावली कळायची, तीही गेली.

आणि याच दिवसांत गावातले लोक आमच्या ओसरीवर तुपाचा उपाय विचारायला येत होते. धर्मशाळेतलं ते वाचन सगळ्या गावानं ऐकलं होतं ना! मामंजी डोळ्यांवर ओला फडका ठेवून, ठणका दातांखाली धरून सांगत, "गाईचंच हवं. म्हशीचं चालणार नाही." लोक पाया पडून जात. धारचे कितीतरी तळवे त्या उन्हाळ्यात तुपानं चकाकले. डॉक्टरांच्या शोधात तो उपाय राहिला की नंतर त्यांनी खोडून टाकला, देव जाणे. गावातून तो कोणी खोडला नाही. फिरत फिरत तो माझ्यामागे देवासपर्यंत आला आणि रोज दिवेलागणीला माझ्या पायांशी बसतो.

मी पुष्कळदा विचार करते. म्हातारपणी नजर का जाते, हे त्या भल्या डॉक्टरांनी चुलीला विचारलं, उन्हाला विचारलं, अफूला विचारलं. पण गेलेली नजर परत घ्यायला माणूस का जात नाही, हे विचारायला त्यांच्याकडे पाटी नव्हती. आणि विचारलं असतं तरी आम्ही उत्तर पाठ करून गेलो असतो. आमच्यासारख्या घरांत चुकीचं उत्तर द्यायची लाज आंधळेपणाहून मोठी. उद्या मलाही कागदापुढे उभं राहायचं आहे, आणि मला भीती डोळ्यांची नाही, जिभेची वाटते. कंपाउंडर म्हणेल "वाचा," आणि माझ्या तोंडून आपोआप निघेल, ट, न ग, र प ल. तो कागद वेगळा असेल तर बरं. मला एकदा व्यवस्थित नापास व्हायचं आहे.

मामंजी त्यानंतर बरीच वर्षं होते. ते ओसरीत शेतांकडे तोंड करून बसत. सासूबाई त्यांचं सगळं करत. हाताला धरून अंघोळीला नेत, घास हातात देत, धोतराचा सोगा खोचून देत. वाटी कलंडली तरी "डोळे फुटले का" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. लोक म्हणत, साध्वी आहे. मीही म्हणत असे.

मामंजींना अफूच्या फुलांचं मोठं वेड होतं. परीक्षेच्या दौऱ्यावर असताना म्हणे ते टांगा थांबवून बघत उभे राहत. आयुष्यात त्यांनी न तपासता पास केलेली ती एवढी एकच गोष्ट असावी. माघ लागला की ते विचारायला सुरुवात करत, "अगं, फुलली का?" फुलांना वास जवळजवळ नाहीच, तेव्हा त्यांना कळायला दुसरा मार्ग नव्हता.

पहिल्याच माघातली गोष्ट. थंडी लख्ख पडली होती. ओसरीपासून थेट क्षितिजापर्यंत शेतं फुलली होती, पांढरी, ऊन पिऊन तट्ट. सासूबाईंनी चष्मा पदरानं पुसला, नीट नाकावर ठेवला आणि शेतांकडे बघत म्हणाल्या, "अजून नाही."

दुसऱ्या दिवशीही, "अजून नाही." पाकळ्या झडायला लागेपर्यंत तेच. न राहवून मी त्यांना आत गाठलं. "सासूबाई, फुलली आहे की हो! सांगा ना त्यांना."

त्यांचे बशीएवढे डोळे माझ्यावर स्थिर झाले. रागावलेल्या नव्हत्या. "मी कशाला सांगू? मी नापास," त्या म्हणाल्या. "ते पास आहेत ना? वाचू दे की त्यांचं त्यांना." आणि पिठात पाणी घालून कणीक मळायला लागल्या.

मी बाहेर आले. मामंजींनी माझी पावलं ओळखली. सगळं पांढरं शेत त्यांच्या तोंडावर उजेड टाकत होतं.

"सूनबाई, यंदा थंडी कमी पडली वाटतं," ते म्हणाले. "एव्हाना फुलायला हवी होती."

आतून कणकेवर मुठी आपटल्याचा आवाज येत होता.

"हो, मामंजी," मी म्हटलं.